न टोचलेलं वांगं

सोमवार, ६ मार्च

आजपासून रोजनिशी. क्लास उद्यापासून, पण मॅडमनी फोनवरच लिहायला सांगितली आहे. फक्त स्वतःसाठी लिहा, कुणी वाचणार नाही, म्हणाल्या. कुणी वाचलीच तर तंगडं मोडून हातात देईन.

परिस्थिती थोडक्यात. मी मुळात शांत माणूस. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेतो. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस शिव्या देतो, आपण गोड बोलायचं. इतकी वर्षं गोड बोललो. गेल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरचा टाय (दिवसभर टायची गाठ सारखी करत बसतो, म्हणून टाय) मला म्हणाला, जरा हळू बोला. स्टेपलर मी फेकला नाही. हातातून सुटला. त्याच्या दिशेने सुटला, एवढंच. त्याच्या कपाळाला टाके पडले, कारण कातडी नाजूक. कंपनीने मला सक्तीची रजा दिली आणि राग आवरण्याच्या क्लासला घातलं. टायला मात्र काही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने टायची बाजू घेतली. म्हणून मी फ्राइंग पॅन भिंतीवर मारला. भिंतीवर. बायकोवर नाही. लेक दारात उभी होती, तिच्यावर तर मुळीच नाही. भिंत आणि माणूस यांतला फरक मला कळतो, हे कुणी लक्षातच घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको लेकीला घेऊन बहिणीकडे गेली. भिंतीला खळगा पडलाय. त्यावर कॅलेंडर लावलं. आता घर एकदम ठीक दिसतं.

संध्याकाळी बायकोचा फोन. रविवारी, एकोणीसला, लेकीचा वाढदिवस. तिला कपडे नकोत, सायकल नको. तिला आई करते ते वांग्याचं धुरकट डिप हवंय, आणि ते आपल्या घरी, आपल्या टेबलावर बसून खायचंय. जेवायला येतो, मग बघू, म्हणाली. मग बघू म्हणजे परत येणारच. मी म्हटलं, डिप मी करतो. तिने दोनदा विचारलं, तू? भरून आलं असणार.

एक वांगं भाजायचं, कुस्करायचं, त्यात लसूण, लिंबू, तिळाची पेस्ट. पोरखेळ आहे.

मंगळवार, ७ मार्च

क्लास. व्यायामशाळेच्या वरची खोली, खालून वजनं आपटल्याचे आवाज. आम्ही तिघंच. एक दातांचे डॉक्टर, पेशंटला खुर्चीसकट ढकलून दिलं म्हणून आलेले. एक आजी, बसमध्ये काठीने मारलं म्हणून. कुणाला मारलं विचारलं, तर म्हणाल्या, जे जवळ होते त्यांना.

मॅडमनी दाबायला मऊ बॉल दिला. फुटला. हलका माल.

नियम एक: राग आला की डोळे मिटायचे आणि दहापासून एकपर्यंत उलटं मोजायचं, प्रत्येक अंकाला एक सावकाश श्वास. मध्येच डोळे उघडले तर मोजणं बाद. नियम दोन: क्लास संपेपर्यंत काटा, सुरी, कात्री यांना हात लावायचा नाही. सगळं कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, मी धंदा कसा करू? मी लगेच घरी जाऊन ड्रॉवर रिकामा केला, सगळं कपाटात ठेवून कुलूप लावलं, परत जाऊन किल्ली आजींच्या पर्समध्ये टाकली. नियम म्हणजे नियम. मी शब्दाचा पक्का.

बुधवार, ८ मार्च

सुपरमार्केट. चांगली जाड वांगी दोनच उरलेली. मी हात घालणार, तेवढ्यात ट्रॅकसूट घातलेल्या एकाने दोन्ही उचलली. मी नम्रपणे सांगितलं, एक द्या, मुलीचा वाढदिवस आहे. तो म्हणाला, ज्याने उचलली त्याची. डोळे मिटले. दहा, नऊ, आठ. डोळे उघडले तर तो चालायला लागलेला! म्हणजे मोजायचं आणि बघत बसायचं? मी वांगं धरलं. त्याने ओढलं. देठ त्याच्या हातात राहिला, वांगं माझ्या. त्याच वांग्याने त्याच्या कानाखाली एक दिली. वांग्याने मारलं तर ते मारणं धरत नाहीत, मऊ असतं. त्याने बास्केट फिरवली. माझ्या मागचा कांद्यांचा ढीग कोसळला, कांद्यांवरून आम्ही दोघं.

वॉचमनने बाहेर काढलं. वांगं फुटलं होतं, पण माझ्याकडेच राहिलं. बळी तो कान पिळी.

आठपर्यंत मोजलं. पहिल्याच दिवशी. वाईट नाही.

गुरुवार, ९ मार्च

पहिला प्रयत्न. फुटकं वांगं गॅसवर ठेवलं. साल काळी पडायला लागली, वास छान सुटला. तेवढ्यात छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागला. त्याला सांगितलं, थांब. थांबला नाही. दहा, नऊ, आठ, सात. मग झाडूचा दांडा घेतला. दुसऱ्या फटक्यात खाली आला, पण ओरडतच होता. पायाखाली घेतला. तरी ओरडत होता. बादलीत बुडवला, तर पाण्यातून बुडबुडे आणि आवाज. त्याच्या जिद्दीला मानलं पाहिजे.

या सगळ्यात वांग्याचा कोळसा. साल गरमच सोलली, बोटं भाजली, वांगं सिंकमध्ये आपटलं. जे उरलं ते चाखलं. ॲशट्रे.

दोष अलार्मचा. पद्धत बरोबर आहे.

शनिवार, ११ मार्च

वरच्या मजल्यावरचा टाचा खाली आला. (टाचा आपटत चालतो. पहाटेपासून डोक्यावर घण.) मी नेमकं वांगं भाजत होतो. धूर त्याच्या खिडकीतून आत जातो म्हणे. मी दार उघडलं तेव्हा माझ्या हातात चिमटा आणि चिमट्यात पेटतं वांगं होतं, हा निव्वळ योगायोग. तो म्हणाला, हे काय घर आहे की स्मशान? तळपायाची आग मस्तकात गेली. तरी डोळे मिटले. दहा, नऊ, आठ, सात, सहा. सहाला त्याने माझ्या छातीवर बोट ठेवलं. बोट ठेवायचं नव्हतं.

वांगं त्याच्या पांढऱ्या शर्टवर. तो किंचाळला आणि त्याने एक ठेवून दिली. मी त्याला जिन्याच्या कठड्यावर दाबला. त्याने माझे केस धरले. दोन पायऱ्या घसरलो, तिसरीवर बसलो. मग दोघांनाही दम लागला. तो शर्टवरचं वांगं झटकत म्हणाला, मीठ कमी आहे.

माझा डावा डोळा मिटलाय. पण मी आधी हात उचलला नाही. वांगं म्हणजे हात नाही.

सोमवार, १३ मार्च

हातोडीने लसूण ठेचला. सुरी बंद आहे, पण हातोडीवर नियम नाही. ओट्याची फरशी तडकली. लसूण मस्त झाला.

बायकोचा फोन. विचारलं, हा कसला आवाज? म्हटलं, कपाटाचं दार लागलं. मेहुणीने फोन घेतला, म्हणाली, भावोजी, उगाच वड्याचं तेल वांग्यावर काढू नका हं. आणि हसली. हसणाऱ्या माणसांचा मला राग येत नाही. मी फक्त भिंतीवर बुक्की मारली, कॅलेंडरवर. आत खळगा आहे हे विसरलो.

मग बायकोने नीट सांगितलं. गॅसवर भाजलंस तर साल फुटू दे, मग झाकून ठेव. तासभर त्याला हात लावू नकोस. आपोआप निवेल, पाणी सुटेल, ते निथळू दे. कुस्कर, पण मारामारी करू नकोस. आणि ओव्हनमध्ये ठेवशील तर आधी काट्याने चार ठिकाणी टोच. वाफ बाहेर जायला वाट लागते. विसरू नकोस, टोच. मी हो म्हटलं. पण ओव्हन कशाला हवाय? आणि काटा तर कुलपात. आता बायकोलाही हिंसा सुचायला लागली, क्लासला हिलाच पाठवायला हवं.

शेवटी लेक आली फोनवर. म्हणाली, बाबा, रविवारी मोठा आवाज नाही ना करणार? मी म्हटलं, वेडी आहेस का, बाबा कधी मोठा आवाज करतो? तिने फोन आईकडे दिला. लाजली असेल.

मंगळवार, १४ मार्च

क्लास. प्रत्येकाने आपली प्रगती सांगायची. मी वांग्याचं सांगितलं. दातांचे डॉक्टर म्हणाले, वांग्याला मुळात चवच नसते. दहा, नऊ, आठ, सात, सहा, पाच. पाच! पाचला खुर्ची उचलली. डॉक्टरांनीही उचलली. मधे आजींची काठी आली, आधी डॉक्टरांच्या गुडघ्यावर, मग माझ्या. आजींनी एकही अंक मोजला नाही. मॅडमनी शिट्टी वाजवली. खालून व्यायामशाळेतला माणूस विचारायला आला, वर काय चाललंय?

मॅडम म्हणाल्या, तुमच्यात काही फरक दिसत नाही. मी डोळा आणि गुडघा दाखवला. फरक हा काय.

गुरुवार, १६ मार्च

मिक्सर. झाकण लावायची गरज वाटली नाही, कारण वेग एकवर होता. मग कुणीतरी वेग तीनवर नेला. घरात मी एकटाच आहे, त्यामुळे तपास सोपा आहे, पण आत्ता नाही. वांगं छतावर, दिव्यावर, पडद्यावर, माझ्या चांगल्या डोळ्यात. मिक्सरला दोन थपडा दिल्या. मग तो खिडकीतून खाली गेला. आधी खाली वाकून बघितलं, कुणी नव्हतं. याला संयम म्हणतात. टाचाच्या स्कूटरची सीट मऊ असते, आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

टाचा खाली येऊन सीटकडे बघून वर गेला. भांडला नाही. माणूस सुधारतोय.

शनिवार, १८ मार्च

आज जमलं! आज सगळं जमलं!

सकाळी दोन वांगी गॅसवर भाजली. साल फुटली, रस चुरचुरला, वांगी अगदी मऊ पडली. झाकून ठेवली. हात लावायचा नाही, हे कबूल होतं. पण पाच मिनिटांत हात शिवशिवायला लागले. म्हणून हवा खायला बाल्कनीत गेलो. तिथे पाय दाराच्या उंबऱ्याला लागला, म्हणून दाराला लाथ घातली. दार बंद झालं आणि आतली कडी पडली.

तासाभराहून जास्त वेळ बाल्कनीत. लाथा घातल्या, अंगठा सुजला. हाका मारल्या. वरून टाचा वाकून बघत होता, चहा पीत. मदत हवी का विचारलं नाही. त्याला उद्देशून जे बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटी कुंडी घेऊन काच फोडली आणि आत आलो.

वांगी निवलेली. पाणी सुटलेलं. साल हाताने सटकन निघाली. चमच्याने कुस्करलं, लसूण, लिंबू, तिळाची पेस्ट, तेलाची धार. चाखलं आणि खुर्चीत बसलोच. तेच. अगदी बायकोच्या हातचं. धूर मागे जिभेवर राहतो, तसाच.

संयमाचं फळ. मी तासभर वांग्याला हात लावला नाही, ही साधी गोष्ट नाही. काच सोमवारी बसवून घेऊ. सध्या पुठ्ठा लावलाय.

रविवार, १९ मार्च, सकाळ

फरशी पुसली. छतावरचं वांगं खरवडलं, एक डाग राहिला, तो दिव्याआड येतो. कॅलेंडर सरळ केलं. डोळ्याची सूज उतरली, आता फक्त पिवळा.

आज आवाज नाही. शपथ.

दुपार, त्या येण्याआधी

विचार केला, दोघी राहणारच आहेत, तर संध्याकाळीही डिप लागेल. आणखी दोन वांगी आणली होती. गॅसवर धूर होईल, म्हणून ओव्हनमध्ये टाकली. ऐन वाढदिवसाला कपाटाचं कुलूप तोडून काटा हातात घ्यायचा? शब्द म्हणजे शब्द. क्लासच्या पूर्ण काळात मी एकदाही अणकुचीदार वस्तूला हात लावलेला नाही, ही गोष्ट जेवताना सांगायची. बायकोला अभिमान वाटेल.

रविवार, संध्याकाळ

नीट क्रमाने लिहितो.

त्या आल्या. लेक जरा उंच झाल्यासारखी वाटली. बायकोच्या हातात मोठी बॅग होती. पर्स नाही, मोठी बॅग, चाकांची, जी जाताना नेली होती तीच. तिने ती दाराजवळ ठेवली. मी बॅगेकडे बघितलं नाही असं दाखवलं. बायको पुठ्ठ्याकडे बघून म्हणाली, काच? मी म्हटलं, वारा. तिने कॅलेंडर बघितलं. वर उचलून बघितलं नाही. फक्त बोटाने थोडं सरळ केलं. मला तरी ते सरळच वाटत होतं.

जेवायला बसलो. लेकीने ब्रेडने डिप उचललं, खाल्लं, आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाली, बाबा, हे तू केलंस? आणि परत वाढून घेतलं. बायकोने चाखलं, डोळे मिटले, म्हणाली, तासभर थांबलास? मी म्हटलं, थांबलो. खोटं नाही बोललो. ती हसली. पॅननंतर पहिल्यांदा हसली. म्हणाली, पोरीची शाळा इथूनच जवळ पडते. मी पाण्याचा ग्लास इतका हळू ठेवला की ठेवल्याचं मलाच कळलं नाही.

आणि मग स्वयंपाकघरात स्फोट झाला.

धडाम. ओव्हनचं दार आपटून उघडलं, वांगं भिंतीभर, पुठ्ठ्यापर्यंत. मी जागेवर बसलेलो. हातात काही नाही. मी काहीही केलेलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा खरोखर काहीही केलेलं नाही.

पण दोघींनी ओव्हनकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. लेक टेबलाखाली गेली होती. बायकोने तिच्यावर हात धरला होता, माझ्या बाजूने.

मला राग आला. ओव्हनचा. वांग्याचा. मी काही केलं नाही याचा. माझ्या मुठी वळल्या ते मला दिसलं. आणि मी बरोबर तेच केलं जे शिकवलं होतं. डोळे मिटले. दहा. श्वास. नऊ. श्वास. लेक टेबलाखालून बाहेर आल्याचा आवाज आला. आठ. सात. बायको हळू आवाजात म्हणाली, चल. सहा. पाच. चपलांचा स्टँड वाजला. मध्ये डोळे उघडले तर मोजणं बाद, म्हणून उघडले नाहीत. चार. चाकांचा आवाज. तीन. दार. ते त्यांनी अगदी अलगद लावलं. दोन. एक.

पहिल्यांदा एकपर्यंत पोचलो. डोळे उघडले. सांगायला कुणी नव्हतं.

बॅग नव्हती.

सोमवार, २० मार्च

सकाळी मॅडमना फोन करून सांगितलं, एकपर्यंत गेलो. त्या म्हणाल्या, छान, घरच्यांना काय वाटलं? मी म्हटलं, ते लवकर गेले. मग किल्लीचं सांगितलं. मी नियम इतका पाळला की वांगंही टोचलं नाही. त्यांनी वही उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, पुढची बॅच बुधवारी सुरू होते, तुमचं नाव घालते. कंपनीलाही तसं कळवते.

लेकीचा मेसेज आला. डिप मस्त होतं बाबा. पुढच्या वेळी डब्यात घालून मावशीकडे पाठव.

पुढच्या वेळी, असं लिहिलंय. हे चांगलं आहे. तीन वेळा वाचलं. पाठव, असंही लिहिलंय. घेऊन ये, असं नाही. तेही तीन वेळा वाचलं.

पुढची वेळ आजच करू. कशाला थांबायचं? आजींकडे जाऊन किल्ली आणली. आजींनी विचारलं, कुणाला मारायचंय? म्हटलं, वांग्याला टोचायचंय. म्हणाल्या, एवढ्यासाठी?

ओव्हन पुसला. आत कोपऱ्यात दुसरं वांगं होतं, न फुटलेलं, अख्खं. कुलूप काढलं, काटा घेतला. ओव्हन तापवून वांगं परत ठेवलं. फुगायला लागलं तसं दार उघडून काट्याने टोचलं. फुस्स झालं. बारीक वाफ आली आणि वांगं खाली बसलं. बस्स, एवढंच होतं.

तासभर थांबलो. या वेळी बाल्कनीत नाही, खुर्चीत, वांग्यासमोर. रडलो थोडं, कांदा नव्हता तरी. कुस्करलं. डब्यात भरलं.

डब्याचं झाकण बसत नाहीये. एक बाजू दाबली की दुसरी उघडते. दहा. नऊ. आठ.